वेग कोठें मुरतो?



हल्लीं कोणाच्याहि घरीं गेलें तरी चहाबरोबर एक गाऱ्हाणें हमखास ऐकावयास मिळतें. "महिन्याचे पैसे मोजतों २०० मेगाबिटांचे, आणि स्वयंपाकघरांत बसलें तर मुलाचा चेहरा नीट दिसत नाहीं!" मुलगा परदेशीं असतो, किंवा मुलीचा वर्ग पडद्यावर चालतो, किंवा घरांतील कोणा वृद्धास दूरच्या डॉक्टरांना प्रकृति दाखवावयाची असते; म्हणजे ही केवळ करमणुकीची गोष्ट राहिलेली नाहीं. मग यजमान सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या नांवानें बोटें मोडतो, आणि मौज अशी कीं, पुढच्याच महिन्यांत त्याच कंपनीकडून ३०० मेगाबिटांची योजना घेतो. बिल वाढतें, स्वयंपाकघरांतील चेहरा होता तसाच अंधुक राहतो.

असें कां होतें, आणि मोठी योजना घेण्यापूर्वीं घरच्या घरीं काय तपासावें, हें आज सांगावयाचें आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यासाठीं यंत्रज्ञ लागत नाहीं. एक वही, एक पेन्सिल, एक तार आणि थोडा धीर एवढें साहित्य पुरतें.

मी राहतों तें आशागड डहाणू रोड स्थानकाच्या पूर्वेस, चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमचा तालुका चिकूच्या वाड्यांचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकहि मिळाला. वाडीला पाटानें पाणी देणाऱ्या माणसाचा एक नित्याचा अनुभव आहे. विहिरीवरचा पंप भरपूर पाणी ओढतो, पण शेवटच्या झाडाच्या आळ्यांत धार करंगळीएवढी पडते. अशा वेळीं जाणता माणूस मोठा पंप आणावयास धांवत नाहीं. तो पंपापासून निघतो, पाटाच्या कडेकडेनें चालत जातो, आणि पाणी कोठें मुरतें तें डोळ्यांनीं पाहतो.

आपल्या घरीं येणाऱ्या वेगाचेंहि असेंच आहे. तो दोन रस्त्यांनीं येतो. पहिला रस्ता कांचेच्या तंतूचा. तो खांबावरून तुमच्या घरांत येतो आणि राऊटर नांवाच्या पेटीपाशीं संपतो. दुसरा रस्ता हवेचा. तो त्या पेटीपासून तुमच्या हातांतील फोनपर्यंत जातो. यालाच आपण वायफाय म्हणतों. जाहिरातींत जो आंकडा झळकतो तो पहिल्या रस्त्याचा. दुसऱ्या रस्त्याविषयीं बहुधा कोणतेंच वचन दिलेलें नसतें. दिलेलें नाहीं हें मात्र अगदीं बारीक अक्षरांत छापतात. तें मोठ्या अक्षरांत छापावयास काय हरकत आहे, हें मला अद्याप कळलेलें नाहीं.

आंकड्यांतील एक घोटाळा आधींच मिटवूं. योजनेचा वेग सांगतात मेगाबिटांत; संगणक फाइल उतरवून घेतांना बहुधा मेगाबाइटांत सांगतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटांच्या योजनेंत संगणकानें सेकंदास १२ मेगाबाइट दाखविले तर कोणीं तुम्हांला फसविलेलें नाहीं. दुसरें असें कीं, आपली गरज सहसा आपल्याला वाटते तितकी मोठी नसते. समोरासमोर चेहरा पाहून बोलण्यास तीन-चार मेगाबिट पुरतात. चांगल्या स्पष्ट चित्रपटास पांच-सात. अतिस्पष्ट म्हणून जो मिरवितात त्यास १५ ते २५. चार माणसांच्या घरास १०० मेगाबिट बहुतेक वेळां पुरून उरावेत. ज्या घरांत ते पुरत नाहींत, तेथें वेग कमी नसून तो वाटेंत मुरत असण्याचाच संभव अधिक.

आतां पाटाच्या कडेनें चालूं लागूं, आणि आरंभ पंपापासून करूं. संगणक तारेनें थेट राऊटरला जोडावा, घरांतील इतर सर्व फोन व दूरचित्रवाणीसंच क्षणभर वायफायपासून तोडावेत, आणि वेग मोजणारें कोणतेंहि प्रचलित साधन चालवून आंकडा वहींत लिहावा. एकदां नव्हे, तीनदां. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं नऊच्या सुमारास. संगणकास तारेचें छिद्र नसेल तर तें पुरविणारा छोटा जोड बाजारांत मिळतो. तोहि मिळण्यासारखा नसेल, तर नव्या पद्धतीचा फोन घेऊन राऊटरपासून चार हातांवर, मध्यें कांहींहि न ठेवतां, उभें राहून मोजावें. हें माप तारेइतकें निर्मळ नसलें तरी कामास येतें.

ह्या एका मापानें अर्धा प्रश्न सुटतो. तारेवर वेग तिन्ही वेळां पुरा असेल, तर कंपनी निर्दोष आहे आणि चोर तुमच्या घरांत आहे. तारेवरच वेग नेहमीं कमी असेल, तर दोष राऊटरपर्यंतच्या रस्त्यांत किंवा खुद्द राऊटरमध्यें आहे. आणि सकाळीं पुरा पण रात्रीं अर्धा असेल, तर मागचा रस्ता गर्दीनें तुंबतो आहे असें समजावें. कांचेच्या तंतूच्या आज सर्रास वापरांत असलेल्या एका पद्धतींत सुमारें अडीच हजार मेगाबिटांचा एकच प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वांटलेला असतो. त्याच्याहि मागें कंपनीचा आणखी एक सामायिक रस्ता असतो. जेवणें आटोपून सारी आळी एकदम चित्रपट पाहूं लागली म्हणजे सर्वांचाच वांटा आकसतो. ह्याला घरांत उपाय नाहीं; तक्रार हाच उपाय.

तारेच्या मापांत एक आंकडा मात्र विशेष ध्यानांत ठेवावा: ९४. योजना २०० ची असो कीं ३०० ची, आणि तारेवरचें माप दर वेळीं ९४-९५ पाशींच येऊन थांबत असेल, तर तो योगायोग नव्हे. राऊटरला जोडण्याच्या तारेंत आठ बारीक तंतू असतात, दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेले. १०० मेगाबिटांचें काम चार तंतूंवर भागतें. १००० मेगाबिटांना आठहि लागतात. एखादा तंतू तुटला, टोकाशीं नीट दाबला गेला नाहीं, किंवा तार बसविणाऱ्यानें मुळांत चारच जोडले, कीं दोन्ही टोकांचीं यंत्रें आपसांत समजूत करून १०० वर उतरतात. बोंब कोणीच मारीत नाहीं. सारें काम चालू असल्यासारखें दिसतें. शंभरांतून व्यवहाराचा खर्च वजा जातां हातीं उरतात ते हे ९४. आमच्याच गांवांतील एका गृहस्थांकडे ३०० ची योजना वर्षाहून अधिक काळ चालू होती आणि वेग सदैव ९४. माळ्यावर पाहिलें तों तारेची एक बाजू उंदरानें कुरतडलेली. नवी तार घातली, आणि त्याच दिवशीं आंकडा २९० वर गेला. कांहीं स्वस्त राऊटरांना छिद्रेंच १०० मेगाबिटांचीं असतात. तेथें तार बदलून उपयोग नाहीं, पेटीच बदलावी लागते. मोठी योजना विकत घेण्यापूर्वीं आपल्या राऊटरचीं छिद्रें कितीचीं आहेत, एवढें तरी विचारून घ्यावें.

समजा, तारेची परीक्षा उत्तीर्ण झाली. आतां हवेचा रस्ता.

वायफायच्या लहरी ह्या रेडिओच्याच जातीच्या. रेडिओच्या मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते. वायफायची जुनी लहर २.४ गिगाहर्ट्झची, लांबी सुमारें पांच इंच, आणि नवी ५ गिगाहर्ट्झची, लांबी सुमारें सव्वादोन इंच. इतक्या तोकड्या लहरी भिंतींतून जातात, हें आपल्या देशांत फार पूर्वीं दाखविलें गेलें आहे. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें ह्याहूनहि आंखूड लहरी मधल्या भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. भिंत ओलांडली जाते हें खरें. पण जकात दिल्यावांचून नव्हे. आणि ही जकात लहर आंखूड होत जाते तसतशी सामान्यतः वाढत जाते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग मोठा, पण भिंतीशीं गांठ पडतांच ती दमते, २.४ ची लहर सावकाश, पण चिवट.

आमच्या भागांत ह्या जकातीचे दर जणूं तक्त्यावर मांडून ठेवल्यासारखे पाहावयास मिळतात. पाड्यावरील वारली घर कुडाचें असतें: कारवीच्या काड्या उभ्या बांधून त्यांवर माती व शेण लिंपलेलें. वाळलेल्या कुडांतून वायफाय जवळजवळ सुखरूप जातें. कौलारू घराची अर्ध्या विटेची भिंत ढोबळ मानानें निम्मी शक्ति खाते. वाड्यांतून जुने, हातभर जाड भिंतींचे बंगले आहेत; तेथें एका भिंतीपलीकडे ५ ची लहर अगदींच क्षीण होते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब सर्वांत कठीण. त्यांत काँक्रीटहि आहे आणि लोखंडी सळ्यांची जाळीहि आहे, आणि दहा भागांतला एखादाच भाग पलीकडे गेला तर नवल नाहीं. पत्रा तर लहरीला आरशासारखा परतवून लावतो. पावसाळ्यांत ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीहून अधिक खाते, कारण पाणी ह्या लहरींचें वैरी आहे; म्हणूनच पानांनीं भरलेलें चिकूचें झाड मध्यें आलें तर वाडीच्या टोकाच्या खोलींत वायफाय पोंचत नाहीं. शहरांतील सदनिकेंत चिकू नसेल, पण माशांची कांचपेटी असते, फ्रिज असतो, पोलादी कपाट असतें आणि कपाटाला आरसा असतो. आरशाच्या पाठीवर धातूचा मुलामा असतो हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

लांब लहर झाडोऱ्यांतून अधिक दूर जाते, ह्या तत्त्वाचा मोठा प्रयोग आमच्याच पालघर जिल्ह्यांत झालेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मंडळींनीं खामलोली व आसपासच्या खेड्यांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांतील रिकाम्या राहिलेल्या लहरी इंटरनेट वाहून नेण्यास वापरून पाहिल्या. ह्या लहरींची लांबी दोन फुटांच्या आसपास. 'ग्राममार्ग' नांवाच्या त्यांच्या ह्या उद्योगास २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळालें. आपल्या कामाची गोष्ट त्यांत अशी कीं, गांवोगांव पोंचण्याचें लांबचें काम त्यांनीं लांब लहरीकडे दिलें, आणि वायफायकडे ठेवलें तें गांवांतल्या शेवटच्या थोड्या अंतराचें. वायफायची योग्यता तेवढीच आहे. आपण मात्र तिच्याकडून तीन भिंती आणि एक स्लॅब ओलांडण्याची अपेक्षा करतों.

तेव्हां वही घेऊन घरांत फिरावें. राऊटरवर २.४ आणि ५ ह्या दोन लहरींना एकच नांव दिलेलें असेल, तर तपासणीपुरतीं निरनिराळीं नांवें द्यावींत. नाहींतर फोन कोणत्या लहरीवर बसला आहे तें कळत नाहीं, आणि पुष्कळदां तो राऊटरच्या शेजारीं असूनहि जुन्याच लहरीला चिकटून बसतो. मग प्रत्येक खोलींत, माणूस जेथें प्रत्यक्ष बसतो त्या जागीं, दोन्ही लहरींवरचें माप घेऊन टिपावें. खोल्यांचा नकाशा काढून त्यांत आंकडे भरले कीं वेग कोणत्या भिंतीशीं मुरतो तें स्वच्छ दिसतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हां मोजावें. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्यास गुण आला तरी औषध कोणतें लागू पडलें तें कळत नाहीं.

आतां एक कोडें. दूरच्या खोलींत एकच जुना फोन चालू असतां राऊटरजवळच्या संगणकाचाहि वेग कां पडतो? ह्याचें उत्तर मी माझ्या धंद्यांतील उदाहरणानें देतों. वर्गांत शुद्धलेखन घालीत असतां मास्तर साधारण गतीनें वाक्यें सांगतात. शेवटच्या बांकावरच्या मुलास नीट ऐकूं येत नसेल, तर तेंच वाक्य ते शब्द तोडून, सावकाश, दोनदां-तीनदां सांगतात. आणि तोंवर पुढच्या बांकावरचीं मुलें हातांत टांक घेऊन बसून राहतात. वायफाय अगदीं असेंच चालतें. एका लहरीवर एका क्षणीं एकानेंच बोलावयाचें. राऊटरला समोरच्याचा आवाज क्षीण ऐकूं आला कीं तो आपली गति पायरीपायरीनें उतरवितो, चुकलेला मजकूर पुन्हां सांगतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सर्व ताटकळतात. म्हणजे मागच्या खोलींतला दुबळा फोन केवळ स्वतःचा नव्हे, साऱ्या घराचा वेळ खातो. जाहिरातींत राऊटरवर छापलेला मोठा आंकडाहि ह्यामुळें फसवा ठरतो. जुन्या लहरीवर साधा फोन राऊटरशीं फार तर ७२ मेगाबिटांचा करार करतो, आणि बोलणें, थांबणें, पोंच देणें ह्यांत त्यांतील बराच भाग जाऊन प्रत्यक्ष हातीं चाळीस-पन्नास पडतात. नवी लहर सोयीच्या रुंदीनें वापरणारा चांगला फोन ८६६ चा करार करतो. तेथें निम्में कटलें तरी चारशें उरतात.

ह्यावरून पहिला उपाय आपोआप निघतो, आणि त्यास पैसा लागत नाहीं: राऊटरची जागा बदलणें. शहरांतील नव्या इमारतींत तंतू येतो तो मुख्य दारापाशीं, विजेच्या बटणांच्या शेजारच्या एका कोनाड्यांत. कित्येकदां त्यास पत्र्याचें झांकण असतें, आणि शोभेसाठीं राऊटर त्या झांकणाआड कोंडलेला असतो. पत्र्याच्या पेटींत कंदील ठेवून घर उजळावें अशी इच्छा धरण्यासारखें हें आहे. राऊटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर असावा. दूरचित्रवाणीच्या मागें नसावा, फ्रिजवर नसावा, जमिनीवर तर नसावाच. घराच्या सौंदर्यास थोडी बाधा येते हें मला मान्य आहे.

इमारतींत राहणाऱ्यांना आणखी एक उपद्रव असतो: शेजारी. २.४ च्या पट्ट्यास आपल्या देशांत २००५ पासून परवाना लागत नाहीं. ही मुभा चांगलीच, पण मोकळ्या मैदानांत गर्दी व्हावयाचीच. ह्याच पट्ट्यांत बिनतारी कर्णयंत्रें बोलतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टी चालू झाली कीं तिची गळतीहि येथेंच मिसळते. पूर्वीं एकाच दालनांत तट्ट्या लावून तीन-तीन वर्ग भरत. दोन वर्गांनीं एकमेकांचा मान राखून आळीपाळीनें पाढे म्हटले तर निभावे. अर्धवट ऐकूं येणारा गोंगाट मात्र कोणालाच शिकूं देत नसे. ह्या पट्ट्यांत १ पासून १३ पर्यंत वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. परस्परांस धक्का न लागणाऱ्या अशा १, ६ आणि ११ ह्या तीनच. राऊटर ३ वर किंवा ८ वर ठेवला तर तो दोन्ही बाजूंच्या गोंगाटांत सांपडतो. शेजाऱ्यांच्या वाहिन्या दाखविणारीं फुकट साधनें फोनवर मिळतात. तीं पाहून ह्या तिहींतील जी कमी गर्दीची ती घ्यावी. ५ च्या पट्ट्यांत जागा ऐसपैस आहे, आणि तिची भिंतीशीं न पटण्याची खोड येथें गुणच ठरते, कारण शेजाऱ्याची लहरहि तुमच्या घरांत फारशी येत नाहीं. म्हणून दूरचित्रवाणीसंच, संगणक वगैरे जड काम करणारीं यंत्रें ५ वर, आणि दारावरची घंटा, विजेचे दिवे असलीं किरकोळ यंत्रें २.४ वर, अशी वांटणी करावी.

राऊटरच्या सेटिंगमध्यें एक जुनी कुलपाची पद्धत दडलेली असते, तिचें नांव टीकेआयपी. कोणत्या तरी पुरातन यंत्राच्या सोयीसाठीं ती चालू राहिलेली असेल, तर कितीहि नवा राऊटर ५४ मेगाबिटांच्या वर चढत नाहीं. तेथें एईएस हा शब्द निवडावा. वेगहि वाढतो आणि कुलूपहि पक्कें होतें.

जागा बदलूनहि मागची खोली कोरडीच राहिली तर काय करावें? येथें बाजारांतील विक्रेता 'रिपीटर' नांवाची डबी पुढें करतो. ती घेण्यापूर्वीं थांबावें. एकच लहर असलेला रिपीटर जें ऐकतो तें त्याच लहरीवर पुन्हां बोलतो. म्हणजे प्रत्येक वाक्य हवेंत दोनदां उच्चारलें जातें आणि वेग निम्मा होतो. शिवाय लोक ती डबी मागच्या खोलींतच लावतात, जेथें मूळ आवाज पोंचतच नाहीं. जें स्वतःला ऐकूं येत नाहीं, तें दुसऱ्यास काय सांगणार? लावावयाचीच असेल तर ती अर्ध्या वाटेवर लावावी. मेश म्हणून ज्या महाग पेट्या मिळतात, त्या ह्याहून शहाण्या असतात, विशेषतः आपसांत बोलण्यास ज्यांना वेगळी लहर असते त्या. परंतु सर्वांत खात्रीचा उपाय तारच. मागच्या खोलीपर्यंत तार न्यावी आणि तेथें दुसरी वायफायची पेटी तिच्या टोकास लावावी.

गेल्या वर्षीं आमच्या आळींतील एका घरीं हेंच करावें लागलें. पुढें जुनें कौलारू घर, मागें स्लॅबच्या दोन नव्या खोल्या. मुलगी बारावीस, मुंबईच्या एका शिकवणीचे तिचे तास मागच्या खोलींत पडद्यावर चालत, आणि रसायनाच्या ऐन समीकरणावर मास्तरांचें तोंड उघडेंच्या उघडें थिजून बसे. वडील ४०० ची योजना घेण्याच्या बेतांत होते. महिन्याचा वाढीव खर्च त्यांस परवडणारा नव्हता, पण मुलीच्या वर्षाचा प्रश्न होता. आम्हीं वही काढली. तारेवर १९२. पुढच्या खोलींत ५ च्या लहरीवर १८०. माजघरांत ६०. मागच्या खोलींत ६, तेंहि २.४ वर, ५ ची लहर तेथें दिसतच नव्हती. मध्यें दोन भिंती, त्यांपैकीं एक काँक्रीटची, आणि तिला टेकून उभें असलेलें पोलादी कपाट. कपाट हलविलें तेव्हां ६ चे १४ झाले. एवढ्यानें खरें म्हणजे तास चालूं लागले असते, पण पाऊस लागल्यावर भिंत पुन्हां ओल धरणार होती. म्हणून आढ्याच्या कडेनें चाळीस फूट तार नेली आणि मुलीच्या भावाचा जुना राऊटर तिच्या टोकाशीं केवळ वायफायची पेटी म्हणून लावला. मागच्या खोलींत १६८ आले. योजना २०० चीच राहिली.

तारेविषयीं दोन सूचना येथेंच देतों. ही तार १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते, तेव्हां घरांत लांबीची चिंता नको. परंतु कोंकणांत ती उघड्यावरून, झाडावरून, एका घरांतून दुसऱ्या घरांत नेऊं नये. ऊन आणि खारी तिची वाट लावतात हें एक, आणि जवळपास वीज पडली कीं तांब्याच्या तारेनें तिचा धक्का दोन्ही घरांतील यंत्रांस पोंचतो हें दुसरें. दोन इमारतींमध्यें कांचेचा तंतूच घालावा. त्यांतून वीज वाहत नाहीं.

कधीं असेंहि होतें कीं, तार पुरी, लहर सबळ, माप उत्तम, आणि तरीहि बोलतां बोलतां आवाज तुटतो. तेव्हां वेगाकडे न पाहतां रांगेकडे पाहावें. पुष्कळ योजनांत माहिती आंत येण्याचा रस्ता रुंद आणि बाहेर जाण्याचा अरुंद असतो. घरांतील एखादा फोन लग्नाचे पांचशें फोटो दूरच्या साठवणींत गुपचूप चढवूं लागला, कीं राऊटरच्या दारांत बाहेर जाणाऱ्या मजकुराची लांब रांग लागते. तुमचा "हॅलो" त्या फोटोंच्या मागें उभा राहतो. असा संशय आल्यास फोटो चढविण्याचें काम रात्रीं दोनला नेमावें. कांहीं राऊटरांत बोलण्यास अग्रक्रम देण्याची सोय असते. ती चालू करून पाहावी.

राहतां राहिली तक्रार. ती करतांना "नेट स्लो आहे" एवढेंच म्हटलें, तर पलीकडचा माणूस राऊटर बंद करून चालू करावयास सांगतो आणि आपली वही मिटतो. त्यापेक्षां आपली वही उघडावी. कोणत्या तारखेस, किती वाजतां, तारेवर किती मेगाबिट मिळाले, इतर सर्व यंत्रें तोडलेलीं होतीं कीं नाहीं, आणि पेटीवरचा कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता, हें सांगावें. एलओएस असें लिहिलेला दिवा लाल लागला असेल तर कांचेच्या तंतूंतून प्रकाशच येत नाहीं असा त्याचा अर्थ. तंतू कोठें तरी तुटला आहे किंवा कपाटामागें मुडपला आहे. अशा वेळीं राऊटर दहादां बंद-चालू करूनहि उपयोग नसतो, माणूसच यावा लागतो. तो आला म्हणजे प्रकाशाची शक्ति मोजून तो आंकडा आपल्या वहींत लिहून द्यावयास त्यास सांगावें, आणि तो जाण्यापूर्वीं तारेवरचें माप त्याच्यासमोर पुन्हां एकदां घ्यावें.